गुडघ्याचा बारावा आठवडा

सांध्यांच्या आणि स्नायूंच्या जुनाट दुखण्यावर प्रकाश आणि ध्वनिलहरी एकाच वेळी देणारं संयुक्त उपचार यंत्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या रुग्णालयात सुस्थितीत दाखल झालं. सुस्थितीत हा शब्द माझा. आवक नोंदवहीत तो मीच लिहिला, कारण खोक्याला कुठं पोचा नव्हता. रुग्णालयाचं नाव मी सांगणार नाही. मला निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. तसंही तुम्ही येऊन गेला आहात.

मी गंगाधर, वरिष्ठ लिपिक, खिडकी क्रमांक चार. एकतीस वर्षांच्या सेवेत मी एकाही रुग्णाला हात लावलेला नाही. पण माझ्या खिडकीवरून गेल्याशिवाय एकही रुग्ण बरा झालेला नाही, हेही खरं आहे.

यंत्र दिसायला साधं होतं. शिवणयंत्राएवढी पेटी, तिला एक वायर आणि वायरीच्या टोकाला इस्त्रीसारखी मूठ. दुखऱ्या जागी जेल लावायचं आणि मूठ गोल गोल फिरवायची. तिच्या तोंडातून लाल उजेडही येतो आणि कानाला ऐकू न येणारा आवाजही. दोन्ही मिळून आतलं सुजलेलं, आखडलेलं सैल करतात, आणि नुसता उजेड किंवा नुसता आवाज दिला तर तेवढा गुण येत नाही, असं आमच्या फिजिओथेरपिस्ट डॉक्टर निवेदिता मॅडम सांगत होत्या. मॅडम नवीन आहेत. यंत्र आलं की उपचार सुरू होतात, असा त्यांचा समज होता.

यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवर ‘अल्ट्रासाउंड’ हा शब्द पहिल्यांदा माझ्या नजरेस पडला. अल्ट्रासाउंड म्हटलं की सोनोग्राफी, आणि सोनोग्राफी म्हटलं की गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा. कायदा फार चांगला आहे. त्यामुळं लेकी जगतात. त्याच्याबद्दल मला एवढा आदर आहे की, तो लागू नसलेल्या ठिकाणीही मी तो लागू करतो.

“गंगाधरराव, या यंत्राला पडदाच नाही,” मॅडम म्हणाल्या. “यात काही दिसत नाही. यानं फक्त दुखणं कमी होतं. तो कायदा याला लागू होत नाही.”

“दिसत नाही, असं कुठल्या परिपत्रकात आहे?”

“पडदा नाही हे डोळ्यांनी दिसतंय की.”

“डोळ्यांनी दिसलेलं टिपणीत लिहिता येत नाही, मॅडम.”

मी टिपणी सादर केली. आमच्या अधीक्षक साहेबांनी तीवर ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ असं लिहून सही केली. या तीन शब्दांनी थांबवता येणार नाही असं एकही काम मी आजवर पाहिलेलं नाही. त्याच दिवशी फिजिओथेरपीच्या खोलीत ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ असा फलक ठोकला गेला आणि गुडघा दाखवायला येणाऱ्या प्रत्येकानं माझ्या खिडकीवर गर्भवतीचा नमुना भरावा असं ठरलं.

पुरुषांचा प्रश्न आला. नमुन्यात ‘गर्भवती स्त्रीचे नाव’ एवढा एकच रकाना होता. पुरुषांच्या बाबतीत वरिष्ठ कार्यालयाकडं मार्गदर्शन मागवलं. ते अजून यायचंय, त्यामुळं पुरुषांचे गुडघे सध्या स्थगित आहेत.

दरम्यान यंत्र पुरवणाऱ्याचं पत्र आलं. यंत्र नुसतं ठेवलं तर बिघडतं, म्हणून रोज किमान अर्धा तास चालवून पाहावं, असं त्यात लिहिलं होतं. चालवून पाहायचं तर ते कशावर तरी चालवायला हवं. साहेबांनी स्वतःची कंबर पुढं केली. चाचणीला नमुना लागत नाही, कारण चाचणी म्हणजे उपचार नव्हे. दुसऱ्या दिवशी भांडारपाल सिद्रामप्पांची टाच आली. तिसऱ्या दिवशी माझा उजवा खांदा आला, जो एकतीस वर्षं शिक्के मारून कामातून गेला होता. मॅडम तोंड वाकडं करायच्या, पण मूठ सरळ फिरवायच्या. साहेबांच्या लेखी आदेशापुढं त्यांचाही इलाज नव्हता.

खरं सांगायचं तर गुण आला. महिन्याभरात माझा हात शर्टाच्या बाहीत आपोआप जाऊ लागला. मी घरी सांगितलं, घरच्यांनी शेजारी सांगितलं. मग साहेबांचे साडू आले, सिद्रामप्पांचे व्याही आले, व्याख्यानमाला चालवणारे दोघे आले. चाचणी वेगवेगळ्या प्रकारच्या शरीरांवर व्हायला हवी, असा मी शेरा मारला. सकाळी आठ ते दहा आणि दुपारच्या सुट्टीत, भांडाराच्या बाजूच्या मागच्या दारानं. मी एक ‘चाचणी वही’ केली आणि प्रत्येकाची तक्रार, शिफारस आणि सही त्यात घेऊ लागलो. आमच्याकडं काहीही नोंदीशिवाय होत नाही.

मार्चच्या मध्यावर बाळाबाई आल्या. वय अडुसष्ट, डोक्यावरून पदर, उजवा पाय काठीसारखा ताठ. बरोबर मुलगा जोतिराम होता.

“कुठलं गाव, आजी?”

“मोहोळाच्या खाली हाय. पोराच्या गाडीवर आले. पाय घडी घालता येत न्हाय, तसाच सरळ धरून आले समदी वाट.”

“काय होतंय?”

“बसलं की उठवंना, उठलं की चालवंना. चाळीस मेंढरं हायत, भाऊसाहेब. त्येंच्या मागं जलमभर चालल्यालं मानूस मी. आता पोरगं म्हनतंय, दसऱ्यापातूर पाय चालला न्हाय तर मेंढरं इकून टाकतो.”

“मग काय करू, तुमीच सांगा,” जोतिराम म्हणाला. “मी कारखान्यात शिफ्टला जातो. मेंढरं काय मोबाइलवर वळत्यात व्हय?”

“मेंढरं गेली तर मी काय करू?” बाळाबाई त्याच्याकडं न बघता मला म्हणाल्या. “भिताडाकडं बघत बसू?”

मी हा नमुना भरायचं सरकारी पोर्टल उघडलं. गर्भवतीचं नाव, बाळाबाई. पतीचं नाव, मायाप्पा. मायाप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण ते हयात आहेत का हे पोर्टल विचारत नाही, म्हणून मीही विचारात घेतलं नाही. वय अडुसष्ट टाकलं तर चौकट लाल झाली. पोर्टल पंधरा ते एकोणपन्नास एवढंच वय घेतं.

“आजी, तुमचं वय एकोणपन्नास लावलंय.”

“जोतिरामच सत्तेचाळीसचा हाय की.”

“ते त्याच्या फॉर्ममध्ये बघू. कधीपासून आहे?”

“बारा वर्सं झाली.”

पोर्टल वर्षं घेत नाही, आठवडे घेतं. मी बारा टाकले. आधीची अपत्यं चार टाकली. मग हमीपत्र वाचून दाखवलं: ‘मी माझ्या गर्भाचे लिंग जाणून घेऊ इच्छित नाही.’

“कशाचं?” बाळाबाईंनी विचारलं.

“आत काय आहे ते डॉक्टरांना विचारायचं नाही, एवढाच अर्थ.”

“न्हाय इचारत. पोरगा असू दे न्हायतर पोरगी, दुखायचं थांबलं म्हंजे झालं.”

त्यांनी अंगठा दिला. मी बटण दाबलं आणि सगळा पडदा लाल झाला. वर ठळक अक्षरांत ‘अतिजोखमीची माता’ अशी ओळ आली. मी चिठ्ठी छापून त्यांना मॅडमकडं पाठवलं.

दहा मिनिटांनी मॅडम स्वतः खिडकीशी आल्या. त्यांच्या एका हातात चिठ्ठी होती आणि दुसऱ्यात यंत्राची माहितीपुस्तिका.

“या आजींना गरोदर कुणी केलं?”

“पोर्टलनं,” मी म्हणालो.

“पुस्तिकेचं पहिलं पान वाचा. गरोदर स्त्रीवर हे यंत्र वापरायचं नाही. स्पष्ट लिहिलंय. कागदावर या गरोदर आहेत, मी यांना हात कसा लावू? नोंद रद्द करा.”

मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. रद्द करायला कारण द्यावं लागतं, आणि यादीत कारणं दोनच होती: गर्भपात आणि मातामृत्यू. बाळाबाईंना विचारलं. त्या दोन्ही नको म्हणाल्या.

म्हणजे परिस्थिती अशी होती. नमुना भरल्याशिवाय यंत्र मिळत नव्हतं, आणि नमुना भरलेल्या बाईला यंत्र चालत नव्हतं. यात माझी काही चूक असती तर मी ती मान्य केली असती. पोर्टलनं प्रसूतीची अपेक्षित तारीख सप्टेंबरअखेर दाखवली होती. तिच्यात सहा आठवडे मिळवून मी चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘प्रसूतीनंतर दहा नोव्हेंबर रोजी उपचारासाठी यावे’. बाळाबाईंनी चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचली.

“दसरा त्येच्या आदी येतोय न्हवं?” त्यांनी विचारलं.

“दसरा आमच्या अखत्यारीत नाही, आजी,” मी म्हणालो.

पुढचं काम पोर्टलनं आपणहून केलं. एप्रिलमध्ये गावची आशाताई पूनम लोहाच्या गोळ्या घेऊन बाळाबाईंच्या दारात उभी राहिली. तिनं मला फोन केला, “भाऊसाहेब, नातवाचं लगीन झाल्याली म्हातारी हाय ही. मी हिचं पोट मोजू व्हय?” मी म्हणालो, मोजा, नाहीतर तुमचं काम अपूर्ण दिसेल. तिनं दर महिन्याला मोजलं आणि मातेबरोबर आपला फोटो पाठवला. गावातल्या बायका चिंचा घेऊन डोहाळे विचारायला आल्या. बाळाबाईंनी चिंचा खाल्ल्या, गोळ्याही खाल्ल्या आणि ‘सरकार म्हनतंय तर आसंल’ म्हणून सगळ्यांना चहा पाजला. गुडघा होता तसाच होता. जून-जुलैत त्या मेंढरांमागं वेशीपर्यंत जात, मग दगडावर बसून हाका मारत. ऑगस्टपासून दारातूनच हाका मारू लागल्या, असं पूनमनं सांगितलं. तशी नोंद करायला तिच्याकडं जागा नव्हती.

सप्टेंबर संपला. बाळाबाई प्रसूत झाल्या नाहीत. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात वरिष्ठ कार्यालयाची नोटीस आली: ‘उपरोक्त अतिजोखमीच्या मातेच्या प्रसूतीची नोंद आढळून येत नाही. अर्भकाचा ठावठिकाणा तीन दिवसांत कळवावा. अन्यथा आपल्याकडील यंत्र सील करण्यात येईल.’

साहेब तेव्हा चाचणीसाठी पालथे झोपलेले होते. मी नोटीस जमिनीवर पसरली आणि त्यांनी पलंगाच्या कडेवरून वाचली.

“सील म्हणजे किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“मागच्या वेळी एक यंत्र चार वर्षं होतं, साहेब.”

साहेबांनी कमरेवरून हात फिरवला. “म्हातारीला बाळ होऊ द्या.”

“कसं, साहेब?”

“नियमात बसवा.”

सात महिने न हललेली फाइल त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी पाच टेबलं फिरून आली. जीप मिळाली, डिझेल मिळालं, चालकही जागेवर सापडला. मी आणि निवेदिता मॅडम मोहोळच्या पुढं निघालो. साहेबांची कंबर आणि माझा खांदा धोक्यात आल्यावर आमची यंत्रणा किती तत्पर होऊ शकते, हे पाहून मला अभिमान वाटला.

बाळाबाई कडुलिंबाखाली पाय लांब करून बसल्या होत्या. मागं मेंढरांचा वाडा होता. त्याचं दार उघडं होतं आणि आत वाळलेल्या लेंड्यांखेरीज काही नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी वैरागचा व्यापारी टेम्पो घेऊन आला होता. त्यांच्या मांडीवर घोंगड्यात गुंडाळलेलं एक कोकरू होतं आणि त्या त्याला बाटलीनं दूध पाजत होत्या.

“ही तेवढी ऱ्हायली,” त्या म्हणाल्या. “आदल्याच राती झाली. आईला टेम्पोत घातली. व्यापारी म्हनला, हे येवढंसं घेऊन काय करू? म्या म्हनलं, दे हिकडं.”

मला वाईट वाटलं. हे मी इथं लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुठल्या रकान्यात ते बसलं नाही. मॅडमनी खाली बसून बाळाबाईंचा गुडघा दोन्ही हातांनी चाचपला आणि बराच वेळ हात तसेच ठेवले.

मग मी मोबाइलवर पोर्टल उघडलं. प्रसूती सुखरूप. ठिकाण, घरी. दिनांक मागचा टाकला. अपत्य स्त्री. वजन मॅडमना विचारलं, त्या तोंड फिरवून बसल्या होत्या, म्हणून शेजारी उभ्या जोतिरामनं कोकरू हातात धरून अंदाजे अडीच किलो सांगितलं. स्तनपान नाही, बाटलीचं दूध. सगळं खरं होतं, एकही रकाना खोटा नव्हता. फोटो मागितला तेव्हा मी घोंगड्यातल्या बाळाचा फोटो काढला आणि पोर्टलनं तो पहिल्या फटक्यात स्वीकारला. जोतिरामच्या मोबाइलवर अभिनंदनाचा संदेश आणि बहिणीच्या लसीकरणाच्या तारखा आल्या.

“आई, आता कशाला गुडघा नीट करतीस?” तो म्हणाला. “मेंढरं तर गेली.”

“ही हाय की,” बाळाबाई म्हणाल्या. “चार दिसांनी हुंदडाय लागंल. हिच्या मागं कोन पळंल, तू?” मग माझ्याकडं वळून, “ह्यानं माजं काम व्हईल न्हवं, भाऊसाहेब?”

“होईल. दहा नोव्हेंबरला या.”

त्यांनी अंगठा दिला.

नोटीस निकाली निघाली आणि रुग्णालयात आनंद झाला. तीन दिवस भीतीनं चाचणी बंद ठेवली होती, तिची भरपाई करायची होती. ओळखीची माणसं ताटकळली होती. साहेबांच्या साडूंनी आपला साडू आणला. सकाळी आठची चाचणी साडेसहाला सुरू झाली, संध्याकाळचीही वेळ ठेवावी लागली. नोव्हेंबरच्या आठ तारखेला मुठीतून जळका वास आला. पुरवठादाराचा माणूस येऊन बघून गेला. यंत्र एकूण नऊशे चाळीस तास चाललंय, एवढ्या वापरात मूठ टिकत नाही, असं त्यानं लिहून दिलं. नऊशे चाळीस तासांत रुग्णांवरचे उपचार किती, असा एक रकाना त्याच्या कागदावर होता. तो मी कोरा सोडला.

दहा तारखेला सकाळी नऊला बाळाबाई खिडकीशी हजर होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी चिठ्ठी काढली. नमुना पूर्ण, हमीपत्र पूर्ण, प्रसूती नोंद पूर्ण, सहा आठवडे पूर्ण. ज्याचे सगळे कागद बरोबर आहेत असा या यंत्राचा तो पहिला रुग्ण होता. मी खुर्चीतून उठलो आणि त्यांना स्वतः आत घेऊन गेलो.

मॅडमनी बटण दाबलं. लाल उजेड आला.

“आवाज गेलाय,” मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या. “नुसता उजेड येतोय. म्हणजे आता हे अल्ट्रासाउंड राहिलं नाही. आता तुमचा कायदाही लागू नाही आणि फॉर्मही लागणार नाही. खूश?”

त्यांनी खुर्ची ओढली आणि बाळाबाईंच्या गुडघ्यावर वीस मिनिटं नुसता उजेड फिरवला. घरी करायचे व्यायाम शिकवले, दोनदा करून घेतले.

“ऊब लागती,” बाळाबाई म्हणाल्या. “पर तुमी म्हनला व्हता, दोन्ही मिळून गुण येतोय.”

“हो,” मॅडम म्हणाल्या.

“मग आवाज कुनी संपिवला?”

चाचणी वही टेबलावरच होती. बाळाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी ती जवळ ओढली, बोटाला थुंकी लावून चार पानं उलटली आणि सह्यांच्या ओळींवरून बोट फिरवलं.

“लई मानसं हायत की. समदी माज्या आदी आल्याली?”

“नाही,” मी म्हणालो. “बरीचशी नंतर.”

“बरी झाली का?”

“बरीचशी.”

“मग बरं हाय,” त्या म्हणाल्या. “कोन तरी चालतंय.”

भिंतीला धरून त्या उठल्या आणि समोरच्या दारानं गेल्या. मागचं दार त्यांना ठाऊक नव्हतं. बाहेर जोतिराम गाडी चालू करून थांबला होता. त्यांनी पाय सरळ धरला आणि गाडीवर बसल्या. खिडकीतून मला तेवढंच दिसलं.

यंत्र निर्लेखित करायचा, म्हणजे भंगारात काढायचा प्रस्ताव मी आजच पाठवतोय. सोबत चाचणी वही जोडायची आहे, म्हणून शेवटचं एकदा चाळत होतो. पान एकोणतीस, ऑगस्टची चार तारीख, सकाळी साडेआठ, मागच्या दारानं. तक्रार, वाचून वाचून आखडलेली मान. शिफारस, गंगाधर. खाली सही तुमची आहे. कशी आहे आता मान? हे सगळं इतका वेळ ती खाली घालून वाचलंत, त्या अर्थी बरी असावी.